गप्प राहिलेली मुलगी



पोर शाळेतून घरी आले की आई दारातच विचारते, "डबा संपवलास का? बाईंनी काय शिकवलं? कोणी मारलं-बिरलं नाही ना?" दिवसभर राबून आलेली माउली एवढे विचारते हेच पुष्कळ. पण एक प्रश्न आपल्या तोंडून सहसा निघत नाही. "आज वर्गात कोणाला चिडवलं का? आणि तेव्हा तू काय करत होतास?" आज त्याच प्रश्नाविषयी बोलू.

एका पोराला एकटे गाठून साऱ्या वर्गाने त्याची टिंगल करणे, याला आपण पोरखेळ म्हणतो. "मुलंच ती, उद्या विसरतील," असे म्हणून सोडून देतो. सोसणारा मात्र विसरत नाही, हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी लहानपणीची शाळा सांगितली आहे. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायला स्वतःचे गोणपाट न्यायचे आणि संध्याकाळी ते घरी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे. पुढे १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि त्यानंतर कितीतरी आत्मकथने आली. गोणपाटावर बसणाऱ्या मुलाने आपले दुःख स्वतःच्या हाताने लिहिले.

पण त्याच वर्गात दुसरी मुलेही होती. काही हसत होती, काही नुसती बघत होती. त्यांच्या मनाचे पुढे काय झाले? कोणाला मोठेपणी टोचणी लागली असेल का? हा प्रश्न घेऊन लिहिलेल्या तीन गोष्टी आज सांगते. तिन्ही परदेशातल्या आहेत, पण वर्ग तुम्हाला ओळखीचा वाटेल.

पहिली गोष्ट ‘द हंड्रेड ड्रेसेस’, म्हणजे शंभर झगे. एलिनॉर एस्टेस या अमेरिकन लेखिकेने ती १९४४ साली लिहिली. छोटेखानी पुस्तक आहे, एका बैठकीत वाचून होते.

वांडा पेट्रॉन्स्की ही पोलंडहून आलेल्या गरीब कुटुंबातली मुलगी. तिला आई नाही. ती रोज एकच निळा, रंग उडालेला झगा घालून येते. झगा स्वच्छ असतो, पण त्याला नीट इस्त्री नसते. तिचे आडनाव इतरांना विचित्र वाटते. ती वर्गात मागे, एका कोपऱ्यात बसते. एके दिवशी एका मुलीच्या नव्या लाल झग्याचे कौतुक चाललेले असते. तेव्हा वांडा हळूच म्हणते, "माझ्या घरी शंभर झगे आहेत." झाले! त्या दिवसापासून खेळ सुरू होतो. पेगी नावाची मुलगी रोज शाळेबाहेर तिला थांबवते आणि अगदी गोड आवाजात विचारते, "वांडा, किती झगे म्हणालीस?" ती म्हणते, "शंभर." सगळ्या जणी हसतात.

पेगी काही दुष्ट मुलगी नाही. लहान मुलांना कोणी त्रास दिला तर ती त्यांची बाजू घेते. जनावराला कोणी छळले तर ती रडते. आपण वांडाशी वाईट वागतो आहोत असे तिला वाटतच नाही. लेखिकेने माणूस बरोबर ओळखला आहे. क्रूरपणा करणारा प्रत्येक जण राक्षसासारखा दिसत नाही. कित्येकदा तो वर्गातला सर्वांचा आवडता असतो.

पण गोष्ट खरी आहे ती मॅडीची. मॅडी पेगीची मैत्रीण. ती स्वतः गरीब आहे. पेगीचेच जुने झगे तिच्या अंगावर येतात आणि ते कोणी ओळखू नयेत म्हणून आई त्यांना नवी झालर लावून देते. हा खेळ मॅडीला मुळीच आवडत नाही. ती वांडाला काही बोलत नाही, पण पेगीलाही अडवत नाही. नुसती बाजूला उभी राहते. एकदा ती पेगीला चिठ्ठी लिहायला घेते की हे आता बंद कर. तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे येते की उद्या याच मुली आपल्याभोवती जमल्या आणि आपल्या झग्याबद्दल विचारू लागल्या तर? ती चिठ्ठी फाडून टाकते.

वाचकहो, ही फाडलेली चिठ्ठी आपल्यापैकी किती जणांच्या खिशात असेल! गरिबाचे पोर गरिबाच्या बाजूने का उभे राहत नाही, हे त्या एका प्रसंगातून समजते. पोर मनाने वाईट नसते. चेष्टा दुसऱ्याची चालली आहे तोवर आपण वाचलो, एवढेच त्याला कळत असते.

पुढे वर्गात चित्रांची स्पर्धा होते. मुलींनी झग्यांची चित्रे काढायची. निकालाच्या दिवशी वर्गाच्या भिंती चित्रांनी भरून गेलेल्या असतात. एकाहून एक सुंदर अशी शंभर चित्रे, आणि ती सारी वांडाची. तिचे शंभर झगे खरेच होते. पण वांडा त्या दिवशी वर्गात नसते. तिच्या वडिलांचे पत्र येते की आम्ही मोठ्या शहरात जात आहोत, तिथे आमच्या नावाला कोणी हसणार नाही. पेगी आणि मॅडी धावत तिच्या घरी जातात. घर रिकामे असते.

मग दोघी वांडाला पत्र लिहितात. क्षमा मागायची म्हणून बसतात, पण लिहिता लिहिता ते नुसते ख्यालीखुशालीचे पत्र होते. "आमचे चुकले" हे शब्द काही कागदावर उतरत नाहीत. नाताळच्या सुमारास वांडाचे उत्तर बाईंच्या नावे येते. दोन चित्रे ती या दोघींना भेट देते. पेगीला बरे वाटते, ती मोकळी होते. मॅडी मात्र चित्र घरी नेऊन भिंतीवर लावते आणि बघत राहते, तर चित्रातल्या मुलीला वांडाने मॅडीचाच चेहरा दिलेला असतो. जिच्या बाजूने आपण एक शब्द बोललो नाही, तिने आपल्याला इतके नीट न्याहाळले होते.

एलिनॉर एस्टेस यांच्या मुलीने नंतरच्या एका आवृत्तीत सांगितले आहे की, आईच्या वर्गात खरोखरच अशी एक गरीब मुलगी होती. तिला चिडवत असत आणि ती मध्येच शाळा सोडून गेली. क्षमा मागायची राहून गेली. म्हणजे शाळेतली ती टोचणी लेखिकेने मोठी होईपर्यंत जपली आणि तिचे पुस्तक केले.

आता दुसरी गोष्ट, ‘द डॉल्स हाऊस’, म्हणजे बाहुलीचे घर. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या कॅथरीन मॅन्सफिल्ड यांची ही कथा १९२२ साली छापून आली. बर्नेल या श्रीमंत घरातल्या मुलींना बाहुलीचे सुंदर घर भेट मिळते. शाळेतल्या मुलींना दोघी दोघींनी ते बघायला बोलावले जाते. फक्त दोन बहिणींना बोलावणे नसते. त्या केल्व्ही बहिणी, लिल आणि एल्स. त्यांची आई घरोघरी धुणे धुते आणि बाप तुरुंगात आहे असे लोक बोलतात. आईला कामाच्या घरून मिळालेल्या कापडाच्या तुकड्यांचे कपडे त्या घालतात. लिलचा झगा तर बर्नेलांच्याच टेबलावरच्या जुन्या कापडाचा.

मधल्या सुट्टीत एक मुलगी लिलला विचारते, "मोठी झाल्यावर तूही मोलकरीणच होणार ना?" लिल नुसती हसते. मग ती मुलगी तिच्या बापाच्या तुरुंगाचे ओरडून सांगते. आणि त्यानंतर काय होते? साऱ्या मुलींना विलक्षण उत्साह चढतो. दोरीवरच्या उड्या त्या दिवशी कधी नव्हत्या इतक्या उंच जातात. टोळक्याने मिळून एकाला दुखावले की अशी धुंदी चढते. आपण सगळे एक आहोत, असे त्या घटकेला वाटते. ही गंमत त्या मुलींना शिकवली कोणी? कथेत उत्तर आहे. बर्नेल मुलींना घरातूनच ताकीद असते की केल्व्हींशी बोलायचे नाही. शाळेतल्या बाईसुद्धा लिलने रानफुले आणून दिली की इतर मुलींकडे बघून वेगळेच हसतात. केझिया ही धाकटी बर्नेल एकटी हिंमत करते आणि दोघींना घर बघायला आत बोलावते, तर मावशी येऊन त्यांना कोंबड्यांसारखे हुसकून लावते. म्हणजे पोरे जन्मतःच हे शिकून येत नाहीत. मोठ्यांच्या डोळ्यांत बघून शिकतात.

तिसरी गोष्ट रे ब्रॅडबरी यांची, १९५४ सालची, ‘ऑल समर इन अ डे’. ती शुक्र ग्रहावर घडते अशी कल्पना आहे. तिथे सतत पाऊस पडतो आणि सात वर्षांतून एकदाच, थोड्या वेळासाठी, सूर्य दिसतो. वर्गातल्या मुलांना सूर्य आठवत नाही. मार्गो पृथ्वीवरून आलेली, तिला तो आठवतो. ती वेगळी म्हणून मुले तिला एका कपाटात कोंडतात. तेवढ्यात ऊन पडते. सारी धावत बाहेर जातात, उन्हात लोळतात, नाचतात. पुन्हा पाऊस सुरू झाल्यावर एकीला आठवते, मार्गो अजून कपाटातच आहे! मुले खाली मान घालून जातात आणि कडी काढतात. कथा तिथेच संपते. ऊन म्हणजे काय हे आता त्यांना कळले आहे, म्हणूनच आपण काय हिरावून घेतले तेही कळते. आणि ते ऊन काही परत देता येणार नाही.

या गोष्टी आपल्या पानावर का सांगितल्या? आपली पोरे आज वर्गात सर्वांबरोबर बाकावर बसतात. ती जागा फुकट मिळालेली नाही. पण त्याच वर्गात वर्षाच्या मध्येच नाव घातलेले एखादे पोर येते. वीटभट्टीवरचे, दगडखाणीवरचे, ऊसतोडीच्या टोळीतले, नाहीतर परमुलखातून बिगारीला आलेल्या बापाचे. त्याची बोली वेगळी, कपडे मळके. त्याच्यावर हसणाऱ्यांत आपले पोर नाही ना? हसत नसेल, पण मॅडीसारखे भिंतीला टेकून उभे तर नाही ना? आपल्याला एकेकाळी हसले म्हणून आपले पोर दुसऱ्याला हसणारच नाही, अशी हमी कोणी देऊ नये. ती खबरदारी घरातच घ्यावी लागते.

काय करावे? पहिले म्हणजे आपली जीभ सांभाळावी. शेजाऱ्याच्या धंद्यावरून, बोलीवरून, जातीवरून घरात थट्टा केली की पोर ती दुसऱ्या दिवशी शाळेत नेते. दुसरे, पोराने काही कबूल केले तर लगेच थोबाडीत देऊ नये. मार खाल्लेले पोर पुढच्या वेळी सांगायचेच बंद करते. त्याला जवळ बसवावे आणि उद्या काय करता येईल ते विचारावे. सगळ्या वर्गाशी भांडायची गरज नसते. त्या एकट्या पोराशेजारी बसून डबा खाल्ला तरी टोळके निम्मे मोडते. आणि चूक झालीच असेल तर "माझं चुकलं" हे शब्द तोंडाने म्हणायला शिकवावे. ख्यालीखुशालीच्या पत्राने ते काम होत नाही.

मॅडी शेवटी मनाशी ठरवते की यापुढे कोणाला असे छळताना दिसले तर मी गप्प उभी राहणार नाही, मैत्रीण तुटली तरी चालेल. वांडाला त्याचा काही उपयोग झाला नाही. पण मॅडीच्या पुढच्या वर्गात येणाऱ्या एखाद्या पोराला नक्की झाला असेल.

आज रात्री जेवताना पोराला हे शंभर झगे सांगा. सांगून झाल्यावर लगेच काही विचारू नका. थोडे थांबा. बहुधा तेच म्हणेल, "आई, आमच्या वर्गात पण एक मुलगी आहे..."

जयभीम.