नजरेचा अंदाज आणि मातेचे रक्त

महाराष्ट्रातील मातामृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००१-०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. यश मोठे आहे. परंतु ही पाहणी राज्याचा आकडा देते, जिल्ह्याचा अथवा तालुक्याचा नव्हे. पुण्यातील सुसज्ज प्रसूतिगृहे आणि परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्याचे वाडी-तांडे एकाच सरासरीत मिसळून जातात, आणि सरासरीचे समाधान ज्यांना कधीच लाभले नाही त्यांचे दुःख त्या आकड्याआड झाकले जाते.

परभणीची स्थिती काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झाल्याचे येथे आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. त्याच पाहणीत राज्यातील ४५.७ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त निघाल्या. त्यातच ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गर्भवतीच्या तपासणीचा धागा मध्येच तुटतो. अंगी मुळातच रक्त कमी असलेल्या अशा मातेला प्रसूतीनंतरचा रक्तस्राव परवडत नाही. सशक्त स्त्री जो स्राव सोसते, तोच तिच्या जिवावर उठतो. आणि पालमहून गंगाखेड, तेथून परभणी किंवा लोहामार्गे नांदेड या वाटेवर घटका मोजाव्या लागतात.

या संकटावरील एक मोलाचे संशोधन परदेशातील प्रयोगशाळेत नव्हे, तर मराठी माणसाला जवळच्या बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत झाले. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकी संशोधकांच्या सहकार्याने १,६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. काहींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देण्यात आल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या. त्या देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, गावोगावी बाळंतपणे करणाऱ्या परिचारिका होत्या. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन शीतपेटीत जपावे लागते. ही गोळी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणि वीज नसलेल्या उपकेंद्रातही टिकते.

परंतु बेळगावने याहूनही साधा, म्हणूनच दुर्लक्षित राहणारा धडा दिला. किती रक्त गेले हे मोजण्यासाठी तेथे बाळंतिणीच्या खाली अंथरण्याची, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी तयार करण्यात आली. रुग्णालयात तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज या मापापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला. एक-तृतीयांश रक्त डोळ्यांसमोर जात होते आणि दिसत नव्हते. पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया व दक्षिण आफ्रिका येथील ८० रुग्णालयांत अशीच मापाची पिशवी आणि तत्काळ उपचारांचा ठरावीक क्रम यांची सांगड घालण्यात आली. गंभीर रक्तस्राव व त्यातून ओढवणारे अनर्थ ६० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली जाहीर झाले. त्यातील औषधे नवी नव्हती. वेळीच मोजणे आणि मोजल्याबरोबर हालचाल करणे, एवढेच नवे होते.

आता बहुतेक बाळंतपणे रुग्णालयातच होतात, मग चिंता कशाची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वरच्या तुलनेतच आहे. नजर चुकली ती घरी नव्हे, रुग्णालयात. छप्पर बदलल्याने अंदाजाचे माप होत नाही.

परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. बेळगावच्या महाविद्यालयाने आपल्या भोवतीच्या खेड्यांसाठी जे केले, ते परभणीच्या महाविद्यालयाने पालमसाठी का करू नये? प्रत्येक प्रसूतिकक्षात मापाची पिशवी असावी; प्रत्येक परिचारिकेला उपचारांचा क्रम मुखोद्गत असावा; ऊसतोडीला निघणाऱ्या गर्भवतीचे हिमोग्लोबिन गाडी हलण्यापूर्वी तपासले जावे आणि तिची नोंद कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राकडे पोचावी. तालुक्यात एकही माता दगावली, तर त्याची कारणे दोषारोपासाठी नव्हे, तर पुढची माता वाचावी म्हणून शोधली जावीत. यांपैकी कशालाही अवाढव्य निधी लागत नाही. आणि मुलींची लग्ने लांबवण्याचे काम तर डॉक्टरांपेक्षा शिक्षकांच्याच हाती अधिक आहे. आठवी-नववीतून नाहीशी झालेली पटावरील मुलगी प्रथम त्यांनाच दिसते.

विज्ञानाने आपले काम बरेचसे केले आहे. ज्या समाजाला धान्याचा कण आणि कापसाचा तोळा मोजता येतो, त्याने आपल्या लेकीबाळींचे रक्त तेवढे अंदाजावर सोडावे, हे यापुढे क्षम्य ठरणार नाही.