मते वस्तीत घडतात
समाजकार्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना डावीकडे ढकलते, हा आक्षेप नवा नाही. पण १९३६ साली मुंबईत टाटांच्या संस्थेने हे शिक्षण सुरू केले, तेव्हापासून क्षेत्रकार्य हाच त्याचा कणा आहे. रेशनकार्डावर नाव चढावे म्हणून एखाद्या विधवेसोबत तिसऱ्यांदा शिधावाटप कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहणारा विद्यार्थी शासनव्यवस्था तिथेच शिकतो. त्याची मते बदलली तर दोष प्राध्यापकांच्या माथी कशाला? मुळात तसा कल असलेलेच इकडे वळतात, हेही काही अंशी खरे. तरी निव्वळ नोकरीसाठी येणारेही थोडेथोडके नसतात. वर्गात एकच विचारसरणी लादली जात असेल, तर ती जरूर रोखावी. क्षेत्रकार्याच्या तासांना मात्र विद्यापीठांनी कात्री लावू नये.