हंगामाचे शेवटचे आठवडे: आकडा तोच, अर्थ वेगळा

शिडाच्या नौकांच्या शर्यतींचा हंगाम नेमका कोणत्या दिवशी संपतो, हा प्रश्न दिनदर्शिकेचा वाटत असला तरी मुळात तो पृष्ठभागाचा प्रश्न आहे. नौका ज्या पाण्यावरून किंवा बर्फावरून धावते, त्या पृष्ठभागाचा भरवसा कधी संपला हे ओळखण्याचा तो प्रश्न आहे. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर ही वेळ मे महिन्याच्या उत्तरार्धात येते, तर उत्तर अमेरिकेतील आणि उत्तर युरोपातील गोठलेल्या सरोवरांवर ती साधारणतः मार्चच्या आसपास येते. वारा दोन्हीकडे मुबलक असतो, खेळाडू हंगामभराच्या सरावाने तयार झालेले असतात, आणि म्हणूनच थांबण्याचा निर्णय दोन्हीकडे सारखाच कठीण असतो. जुहू ते मार्वे या उघड्या किनाऱ्यावर शीड उभारणाऱ्यांना बर्फनौकांच्या परंपरेकडून घेण्यासारखे बरेच आहे.

बर्फनौका म्हणजे पोलादी पात्यांवर उभी राहून गोठलेल्या पाण्यावरून घसरत जाणारी शिडाची हलकी नौका. या प्रकारातील सर्वाधिक प्रसार पावलेला वर्ग ‘डीएन’ या नावाने ओळखला जातो. ‘डेट्रॉईट न्यूज’ या वृत्तपत्राच्या कार्यशाळेत 1937 च्या सुमारास त्याचा आराखडा तयार झाला, आणि त्या वृत्तपत्राच्या नावाची आद्याक्षरेच वर्गाचे नाव झाली. 12 फूट लांबीचा सांगाडा आणि 60 चौरस फुटांचे शीड एवढाच तिचा पसारा असतो, परंतु पात्यांचे घर्षण अत्यल्प असल्याने ती वाऱ्याच्या वेगाच्या कित्येक पट वेग गाठते. नौका स्वतःच्या गतीने समोरून जो वारा निर्माण करते, तो मूळ वाऱ्यात मिळून शिडाला प्रत्यक्ष लागणारा वारा अधिक जोरदार होतो आणि नौकेच्या नाकाकडे सरकतो. या संयुक्त वाऱ्यावरच तिचा वेग चढत जातो.

अशा वेगाने धावणाऱ्या नौकेखालचा बर्फ वसंताच्या तोंडावर बदलू लागतो, तेव्हा त्याची जाडी ही फसवी खूण ठरते. नवा, स्वच्छ, निळसर बर्फ 4 इंच जाड असल्यास एका माणसाचे चालणे पेलतो, असा उत्तर अमेरिकेतील सर्वसाधारण दंडक आहे. बर्फ हिमकणांचा आणि पांढुरका असेल तर त्याच्या दुप्पट जाडी लागते. हंगामाच्या अखेरीस मात्र उन्हामुळे बर्फातील स्फटिकांच्या सांध्यांतून पाणी उतरते, उभे स्फटिक एकमेकांपासून सुटू लागतात, आणि जाड दिसणारा थरही मेणबत्त्यांच्या जुडग्यासारखा विस्कटतो. जानेवारीत ज्या जाडीने निश्चिंत केले असते, तीच जाडी मार्चअखेर काहीही सिद्ध करीत नाही. किनाऱ्यालगतचा बर्फ आधी वितळत असल्याने सरोवराचा मध्य शाबूत असूनही काठाशी उतरणे आणि परतणेच धोक्याचे होते.

या अनुभवातून त्या खेळाडूंनी काही रीती पक्क्या केल्या आहेत. शर्यतीपूर्वी बर्फाला जागोजागी छिद्रे पाडून तपासणी होते आणि धोक्याच्या जागा खुणांनी दाखविल्या जातात. एकट्याने नौका काढणे टाळले जाते. पाण्यात पडल्यास बर्फाच्या कडेला रोवून बाहेर येण्यासाठी टोकदार आकडे गळ्यात बाळगले जातात. आणि रात्रीच्या थंडीने घट्ट झालेला पृष्ठभाग दुपारच्या उन्हाने मऊ पडण्यापूर्वी शर्यती उरकल्या जातात. सर्वांत लक्षणीय रीत स्थळाविषयीची आहे. डीएन वर्गाच्या मोठ्या स्पर्धांच्या तारखा आधीपासून ठरलेल्या असतात, परंतु चांगला बर्फ कोठे आहे याची पाहणी झाल्यावरच स्थळ जाहीर होते, आणि स्पर्धक त्या सरोवराकडे वळतात.

जुहूचा समुद्र गोठत नाही, परंतु मे महिन्यात आकडा तोच असूनही त्याच्या पृष्ठभागाचा भरवसा बर्फासारखाच संपतो. वाऱ्याचा वेग डिसेंबरमध्ये 12 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 22 किलोमीटर असला, तर मध्यम अनुभवाच्या खेळाडूसाठी तो उत्तम दिवस मानला जातो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तोच आकडा वेगळ्या समुद्रावर उभा असतो. वायव्येचा वारा पश्चिमेकडे आणि पुढे नैर्ऋत्येकडे वळू लागतो, आणि दूरच्या समुद्रात उठलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा मोसमी वाऱ्याच्याही आधी किनाऱ्याला पोहोचतात. स्थानिक वाऱ्याने उठलेल्या लाटा काही सेकंदांच्या अंतराने येतात, तर दुरून आलेल्या लाटांमधील अंतर 12 सेकंदांहूनही अधिक असू शकते. अशा लाटा खोल पाण्यात जेमतेम जाणवतात, परंतु जुहूच्या उथळ उतारावर येताच उंचावून फुटतात. त्या गटागटाने येत असल्यामुळे दोन गटांमधील शांत अवधीत पाहणाऱ्याला समुद्र निवांत भासतो. जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर असताना जुहूच्या पाण्यात उतरलेल्या मुलांचा बुडून मृत्यू झाला. वादळाचे अंतर हे सुरक्षिततेचे माप नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले.

जुहूच्या किनाऱ्याची रचना हा धोका वाढविते. वर्सोव्याला मालाडच्या खाडीचे आणि मार्व्याला मनोरीच्या खाडीचे मुख जवळ असल्याने तेथे आडोसा घेता येतो. जुहूला मात्र थेट वाळूवरून उतरावे लागते आणि वाळूवरच परतावे लागते. पश्चिमेचा वारा नौकेला ज्या किनाऱ्याकडे ढकलीत नेतो तो हाच किनारा असल्याने, डोलकाठी मोडलेली किंवा सुकाणू निकामी झालेली नौका फुटत्या लाटांच्या पट्ट्यातच जाऊन पडते. 2011 चा पावसाळा याचा मोठा पुरावा आहे: त्या वर्षी जूनमध्ये अलंगकडे ओढून नेले जात असलेले ‘एमव्ही विझ्डम’ हे जहाज दोर तुटल्याने जुहूच्या वाळूत येऊन रुतले, आणि 31 जुलै रोजी ओमानच्या बाजूला खलाशांनी सोडून दिलेले ‘एमव्ही पवित’ अरबी समुद्र ओलांडून जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागले. त्यातच उधाणाच्या भरतीला परतण्याची वाळू आक्रसते, आणि सह्याद्रीकडून संध्याकाळी येणारा वळीव नेमक्या उलट दिशेने, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, अचानक झोत सोडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील दाब चौपट होतो, त्यामुळे असा झोत लहान नौकेला सावरण्याची सवड देत नाही.

या परिस्थितीत प्रत्येक शर्यत समितीने 1 मेपासून लागू होणारी स्वतंत्र मर्यादा लेखी ठेवणे आवश्यक आहे. तिच्यात केवळ वाऱ्याचा वेग पुरेसा नाही. लाटांची उंची, दोन लाटांमधील अंतर, भरतीची वेळ आणि पूर्वेच्या आकाशातील ढगांची वाढ यांचा एकत्रित विचार हवा. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही संस्था समुद्रस्थितीचे अंदाज आणि लांब लाटांचे इशारे देते, तेव्हा ही माहिती मिळविणे अवघड नाही. तिच्या जोडीला अनुभवी व्यक्तीने लाटांचे अनेक गट येऊन जाईपर्यंत किनाऱ्यावर उभे राहून पाहणी करावी. शर्यती सकाळी घेऊन वळिवाच्या वेळेपूर्वी सर्व नौका वाळूवर आणाव्यात. सकाळचा वारा मंद असल्याने शर्यत संथ होईल, परंतु ती किंमत मान्य केली पाहिजे.

निर्णय कोणी घ्यायचा हेही आधीच ठरावे. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील तिसरा नियम भाग घेण्याच्या निर्णयाची जबाबदारी नौकेवर टाकतो, परंतु म्हणून समितीचे कर्तव्य संपत नाही. ‘एन’ ध्वज ‘ए’ ध्वजाच्या वर चढवून त्या दिवसाच्या शर्यती रद्द करण्याचा अधिकार तिच्याकडेच असतो. हा अधिकार स्वतः स्पर्धक नसलेल्या आणि बक्षिसाशी वा प्रायोजकाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे असावा. तरंगण्याचे जाकीट घालणे बंधनकारक करणारा ‘वाय’ ध्वज मे महिन्यात प्रत्येक शर्यतीला चढलेला असावा. शेवटच्या फेऱ्या एक तर एप्रिलमध्ये संपवाव्यात, अथवा बर्फनौकांच्या रीतीप्रमाणे स्थळ खुले ठेवून पूर्वेकडील बंदराच्या आडोशाच्या पाण्यात हलवाव्यात.

जुहू-वर्सोव्याच्या कोळीवाड्यांना हा विचार नवा नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी आज कायद्याने आहे, परंतु होड्या ओढून शाकारून ठेवण्याची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यात उतरण्याची शिस्त कायद्याहून जुनी आहे. ज्यांची उपजीविका समुद्रावर आहे ते वेळेवर थांबतात. ज्यांना समुद्र केवळ खेळासाठी हवा आहे त्यांना न थांबण्याचे कारण नाही. पश्चिम उपनगरांतील प्रत्येक नौकामंडळाने येत्या हंगामाचे वेळापत्रक छापण्यापूर्वी आपली मे महिन्याची मर्यादा लिहून काढावी, ती सदस्यांना वाचून दाखवावी आणि समापनाच्या शर्यतीलाही तिच्यातून सूट देऊ नये.