पगार विचारायचा नाही?

शेजारच्या टेबलावरचा माणूस आपलेच काम करतो आणि पगार जास्त घेतो, ही बातमी बहुधा चहाच्या टपरीवर कळते. कंपनी पगाराची चर्चा करू नका असे का बजावते, ते उघड आहे.

मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री स्टेनोग्राफरना पुरुषांपेक्षा कमी पगार मिळे. १९७७ मध्ये नोकरी गेल्यावर ऑड्री डिकोस्टा यांनी १९७६च्या समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. ती होती सात हजारांच्या घरात. कंपनीचा बचाव असा: या ‘कॉन्फिडेन्शियल’ स्टेनो, म्हणजे वेगळा वर्ग. युनियनशी करार झालेला आहे. शिवाय परवडत नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही मुद्दे फेटाळले. त्या करारावर युनियनचीही सही होती, हे आम्हाला अधिक खुपते.

हा कायदा स्त्री-पुरुष भेदापुरताच होता. दोन पुरुषांमधली तफावत त्यात बसत नसे. पदनाम बदलून तेच काम करून घेण्याची युक्ती मात्र अजून चालते. म्हणून तक्रार करताना पदनामावर वाद घालू नये. रोजच्या कामाची यादी काढावी, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.