पाणी कोठे मिळेल?

धावणारे आणि सायकल चालवणारे लोक अलीकडे पुष्कळ लिहू लागले आहेत, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाभ्यासकांच्या फारशी ध्यानात आलेली दिसत नाही. कोठून कोठे गेलो, अंतर किती, चढ किती, वेळ किती लागला, चहा कोठे बरा मिळतो आणि पाणी कोठे भरून घ्यावे, असे या लेखनाचे साधारण स्वरूप असते. त्याला कोणी प्रवासवर्णन म्हणत नाही. लिहिणाऱ्यांचाही तसा दावा नसतो. तरीही हा एक लेखनप्रकार आहे आणि त्याचे संकेत आता ठरून गेले आहेत. संकेत ठरले की काय लिहायचे याबरोबरच काय लिहायचे नाही हेही ठरते. मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या भागाविषयी.

महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके अशा लेखनाला मोठे सोयीचे आहेत. महाडहून नात्यावरून रायगडाच्या पायथ्याला, पाचाडला, सुमारे 25 कि.मी. महामार्गाने पोलादपूर सुमारे 18 कि.मी. तेथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणखी 40 कि.मी.च्या आसपास. जवळजवळ समुद्रसपाटीपासून निघून साडेतेराशे मीटर उंचीवर पोहोचायचे, म्हणून सायकलस्वारांत या घाटाचा दबदबा आहे. बिरवाडीकडून वरंध घाट चढून भोरला जाणारे वेगळे. आणि ज्याला एवढी दमछाक नको, त्याच्यासाठी महाड शहरात चवदार तळे आहेच. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे. पहाटे तिच्यावर फेऱ्या घालाव्यात आणि घरी जावे. मीही ते करत आलो आहे.

या सगळ्या वाटांच्या नोंदी मी आवडीने वाचतो. त्यांतली ‘पाणी अमुक ठिकाणी मिळते’ ही नोंद सर्वांत निरुपद्रवी म्हणावी अशी. मात्र ज्या गावात बसून मी ती वाचतो, त्या गावात हे वाक्य इतके सरळ कधीच नव्हते.

ऑगस्ट 1923 मध्ये सी. के. बोले यांचा म्हणून ओळखला जाणारा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला, असे लिहिताना माझ्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत नावाची आद्याक्षरे चुकवली होती. ती सीताराम केशव म्हणून बरोबरच आहेत हे मला नंतर पाहावे लागले. पण ठरावातला मुद्दा त्याने नेमका पकडला होता. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांचाही त्यात समावेश होता. यांतल्या पहिल्या तीन गोष्टी वाटसरूच्या गरजेच्या आहेत. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये त्यानुसार तळे खुले केले, पण ते कागदावर. 20 मार्च 1927 रोजी परिषदेचे प्रतिनिधी मांडवातून निघून रांगेने तळ्यापर्यंत चालत गेले, डॉ. आंबेडकरांनी पाणी प्राशन केले आणि मागोमाग इतरांनी. जाण्याची वाट अशी शांततेत पार पडली. परतीची पडली नाही. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि मांडवात जेवत असलेल्या, रस्त्यात सापडलेल्या माणसांना मारहाण झाली. गावोगावी परतणाऱ्यांनाही वाटेत गाठण्यात आले. धावणाऱ्यांच्या नोंदींत परतीच्या टप्प्याबद्दल सहसा एखादे ओझरते वाक्य असते. 1927 च्या त्या दिवशी सगळा धोका तेथेच होता.

डिसेंबरात माणसे पुन्हा आली. मुंबईहून बोटीने दासगावपर्यंत आणि तेथून महाडपर्यंत पाच मैल पायी. आजच्या हिशेबाने हे आठ किलोमीटर म्हणजे नवशिक्या धावकाचा पल्ला. पण दरम्यान नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला होता आणि न्यायालयाचा मनाई हुकूमही आला होता. तेव्हा पाण्याला हात न लावता मिरवणूक शहरातून निघाली आणि तळ्याला वळसा घालून परतली. मी पहाटे घालतो ती फेरी त्यांनी तहान बाजूला ठेवून घातली होती. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला मार्च 1937 उजाडले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. धावणाऱ्याने श्वासाकडे लक्ष द्यावे की इतिहासाकडे? प्रत्येक फेरीवर स्मरणाचे ओझे लादणे ही मास्तरकी झाली. मला हे मान्य आहे. प्रत्येक नोंदीत 1927 यावे, अशी माझी मागणी नाही. माझा प्रश्न लेखनाचा आहे: ‘पाणी मिळते’ या वाक्यातला कर्ता कोठे गेला? कोणाला मिळते? कोण देते?

जुन्या मराठी गद्याने हे प्रश्न झाकले नव्हते. महानुभावांची ‘स्थानपोथी’ वाटा आणि ठिकाणे दिशांसह नोंदवते, पण ठिकाण नोंदले जाते ते तेथे स्वामींच्या हातून काय घडले यासाठी. याच जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत फिरले; त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये प्रसिद्ध झाला. आपण भिक्षुक ब्राह्मण आहोत, घरच्या अडचणीपायी दक्षिणेच्या आशेने निघालो आहोत, हे गोडसे मोकळेपणाने सांगतात. त्यामुळे त्यांना कोठे आश्रय मिळतो आणि का मिळतो, हे वाचकाला कळते. आजची नोंद लिहिणारा स्वतःविषयी वेग आणि सायकलचा प्रकार एवढेच सांगतो. वाटेतल्या कोणत्याही दारात आपल्याला तांब्याभर पाणी मिळणार हे त्याने गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीत आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

हा प्रश्न केवळ जुना नाही. एकदा मी वर्गाला रोजच्या एका वाटेचे वर्णन लिहायला सांगितले. मुलांनी बहुतेक एस.टी.चा रस्ता लिहिला. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून येणाऱ्या मुलीने घर ते विहीर ही वाट लिहिली. पावसाळ्यात दाराशी पऱ्या वाहतो, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. अंतर तिने किलोमीटरमध्ये दिले नव्हते, ‘सकाळी तीन खेपा, संध्याकाळी दोन’ असे दिले होते. चढ कोठे हेही होते: भरल्या हंड्याने येताना लागतो तो. शेवटी एक ओळ होती की, सुट्टीत घाटात सायकलवाले येतात, बाटल्या भरून मागतात, आई देते.

त्या सायकलवाल्यांत मीही असू शकलो असतो. बाटल्या भरून घेतल्यावर मी वहीत काय लिहिले असते? ‘येथे पाणी मिळते. लोक प्रेमळ.’ दोन्ही विधाने खरी आहेत. पण पाच खेपांपैकी किती पाणी माझ्या दोन बाटल्यांत गेले, हे त्यांत नाही. कोकणात पाऊस अमाप आणि उन्हाळ्यात वाड्यांना टँकर, ही विसंगती आपण वर्तमानपत्रात वाचतो. वाटेच्या वर्णनात ती शिरत नाही.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांना माझी एक सूचना आहे. या नोंदी वर्गात आणाव्यात आणि कवितेइतक्याच काळजीने वाचाव्यात. त्या हौशी आहेत म्हणून हसून सोडू नयेत. मुलांकडून त्या लिहूनही घ्याव्यात, कारण सायकल नसलेल्या मुलालाही रोजची वाट असते. आणि जे धावतात, सायकल चालवतात, त्यांना विनंती एवढीच की, पाण्याची जागा लिहिताना तेथे पाणी कोणी दिले आणि ते कोठून आणलेले होते, हे विचारून घ्यावे. त्या मुलीची वही मी परत केली तेव्हा गुण दिले, शेरा काही सुचला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात घाटात जाताना मी बाटल्या पोलादपूरच्या बाजारात विकत घेतल्या.