किनारा फुकट, निवांतपणा नाही!

'चला ना, कोकणात जाऊन नुसतं पडून राहू!' परीक्षा संपली की तुमच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच. आरे-वारेचा वळणावळणाचा रस्ता, भाट्याच्या सुरूबनातली सावली, दुपारी सोलकढी, संध्याकाळी गुहागरच्या वाळूत अनवाणी फेरी. प्लॅन भारीच आहे.

त्यात 2025मध्ये राज्यातल्या पाच किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळालं. त्यातले गुहागर आणि लाडघर हे दोन रत्नागिरी जिल्ह्यातले. पाण्याची शुद्धता, स्वच्छता, सुरक्षितता तपासून डेन्मार्कची संस्था ते देते. पण ते कायमचं नसतं. दर हंगामाला नव्याने परीक्षा, एटीकेटी नाही!

आणि आपण? रीलसाठी गाडी थेट वाळूत घालतो. मग ती रुतते आणि बातमी होते. पण प्रश्न फक्त गाडीचा नाही. हिवाळ्यात याच किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभरेक अंडी. वरून चाक गेलं की खेळ खल्लास.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासने वेगळी वाट धरली. गावकऱ्यांनी घरटी राखली, कासव महोत्सव भरवला, पाहुण्यांना स्वतःच्या घरात उतरवलं. किनारा शांत ठेवला म्हणून पाहुणे आले आणि पैसा गावातच राहिला. म्हणजे निवांतपणा हेच इथलं भांडवल. ते उधळलं, तर पोट गावाचं जातं, तुमची फक्त सुट्टी.

तेव्हा जरूर जा. गाडी रस्त्यावर, स्पीकर घरी, कचरा परत बॅगेत. नुसतं पडून राहायला आणखी लागतं काय?