ओढ

आमचे नाना चिरूट ओढीत. विडी नव्हे, सिगारेट नव्हे, चिरूट! मिरजेच्या आमच्या आळीत ही चैन दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हती. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी त्रिचनापल्लीला रेल्वेत काढली आणि १९५८ साली पेन्शन घेऊन परतले, ते एक पत्र्याची ट्रंक, इडलीपात्र आणि ही सवय घेऊन. चिरूट हा शब्दच मुळी तिकडचा. तमिळमध्ये 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळलेले. त्या गावच्या चिरुटाची कीर्ती एवढी, की शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत खुनी तो ओढत होता, हे होम्स नुसत्या राखेवरून सांगतो.

दिंडिगलहून पानांचे पार्सल येई आणि रविवारी नाना घरीच चिरूट वळीत. १९६४ साली त्यांच्या अंगावरून वारे गेले. डावा हात लुळा पडला. डॉक्टरांनी तंबाखू कायमची बंद केली. आईने ट्रंकेला कुलूप घातले. महिन्याभराने नाना मला जवळ बोलावून म्हणाले, "पेटवणार नाही. नुसता वळून दे."

मी कॉलेजात होतो. प्रगतिपुस्तकावरच्या सहीपलीकडे नानांशी माझे फारसे बोलणे नसे. आईने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मुकाट्याने किल्ली दिली.

पान गुंडाळायचे, त्यात काय मोठेसे, असे मला वाटले. पहिला चिरूट आवळून आवळून लाटण्यासारखा केला. नानांनी तो तसाच, न पेटवता, ओठांत धरून ओढला. गाल खपाटीला गेले, पण हवा काही येईना. "ही काठी झाली. म्हशी हाकायला ने." दुसरा सैल केला, तर तो बोटांत दबला. "आणि ही उशी!"

मग खाटेवरून शिकवणी सुरू झाली. पान कोरडे असले तर तडकते, ओले असले तर फुगून वाट बुजवते; हाताला मऊ लागेल इतपतच ते दमट हवे. मधली शीर आधी ओढून काढायची. भरणीची पाने लांबीच्या दिशेने चुण्या घालून एकाशेजारी एक ठेवायची, म्हणजे प्रत्येक चुणीतून हवेला वाट राहते. जाड पान सावकाश जळते, म्हणून ते मध्ये. पानांचे शेंडे पातळ असतात, ते पेटवायच्या तोंडाकडे. पिळा मात्र द्यायचा नाही. पीळ पडला की सगळ्या वाटा मिटल्या. त्यावर बांधणीचे पान तिरपे गुंडाळायचे, शेवटी वरचे देखणे पान खळीने चिकटवायचे आणि दोन्ही तोंडे कापायची. मग बोटांत फिरवून पाहायचे. कुठे गाठ लागली तर तिथे धूर अडणार. कुठे खळगा लागला तर तिथे चिरूट भराभर जळून तापणार.

"आवळू नकोस रे," नाना पुन:पुन्हा सांगत. "भर पुरेशी घाल आणि सारखी घाल. घट्ट तो आपोआप होतो."

महिनाभर मी पाने नासली. पण संध्याकाळी खाटेशी बसायची सवय लागली. चिरुटावरून गोष्ट कावेरीच्या पुरावर जाई, तिथून इंजिनांवर, तिथून नानांच्या स्वत:च्या वडिलांवर. ही माणसे मला तोवर माहीतच नव्हती.

नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नानानंतर, पंधरा दिवस वाळलेला माझा सातवा चिरूट मी त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी तो बोटांत फिरवला, दाबला, ओठांत धरला. श्वास सरळ आत गेला. डोळे मिटून ते म्हणाले, "ओढ आहे."

तो त्यांनी पेटवला नाही. पुढेही कधी नाही. १९७१ साली ते गेले, तोवर दर दिवाळीला मी एक चिरूट वळून देत असे आणि ते एकदाच ओढून तो डब्यात ठेवीत. मी स्वत: तंबाखूला शिवलो नाही, ती रक्तवाहिन्यांचे काय करते, ते मी घरातच पाहिले होते.

यंदा फराळाचे डबे काढताना तो डबा हाती आला. सात चिरूट, पाने वाळून चुऱ्याला आलेली. त्यातला पहिला उचलला आणि हळूच ओठांत धरला.

ओढ अजून आहे.